मागचे न ऐकणारा माइक

मिरज,
दि. १४ सप्टेंबर २०२५

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र गणपतीच्या आधीच हाती आले होते. पण त्या दिवसांत आपल्या लाउडस्पीकरच्या धंद्यात अमोलला माणसे कमी पडतात आणि वायरी, स्टँड, कर्णे यांचा हिशेब ठेवायला मला गोडाऊनमध्ये बसावे लागते, म्हणून उत्तर राहून गेले. आता पितृपंधरवडा सुरू आहे, कोणाचाही कार्यक्रम नाही, सारे सामान पुसून कपाटात लागले आहे. तेव्हा सवडीने लिहायला बसलो आहे. तुमच्या सोसायटीच्या सभागृहासाठी चार माइक घ्यायचे ठरले आहे, समितीतले लोक स्वस्तातले घेऊ म्हणतात, आणि माइक बनवणाऱ्या शुअर या एकाच कंपनीवर माझा एवढा जीव का, असे तू विचारतोस. याचे उत्तर दोन ओळींत देता आले असते. परंतु या एप्रिलमध्ये त्या कंपनीला १०० वर्षे पूर्ण झाली आणि गेले काही महिने तिचा इतिहास मी मिळेल तिथून वाचत आलो आहे. तो तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी एक घरची गोष्ट सांगतो. तुझ्या मेहुण्यांनी १९८६ साली मस्कतहून आणून दिलेला आपला पहिला ५८, म्हणजे शुअरचा ‘एसएम ५८’ हा माइक, अजून माझ्याकडे आहे. मागच्या आठवड्यात मी तो उघडला. जाळीला एका अंगाला पोचा आहे. तो बेडगच्या तमाशात पडला होता तेव्हाचा, तुला आठवत असेल. जाळी फिरवून काढली तर आतला स्पंज बोट लागताच भुकटी होऊन गळून पडला. इतक्या वर्षांत किती कीर्तनकार, किती निवेदक, किती पुढारी त्या जाळीला तोंड लावून बोलले असतील! जाळी साबणाच्या पाण्यात धुतली, उन्हात वाळवली, नवा स्पंज बसवला, पट्टीतले स्क्रू घट्ट केले आणि माइक मिक्सरला जोडून नेहमीप्रमाणे ‘हॅलो’ म्हटले. आवाज तसाच आला, सुधाकर. आपण पहिल्यांदा ऐकला होता, अगदी तसाच. एवढे टिकणारी वस्तू कोणी आणि कशी बनवली असेल, हे जाणून घ्यावेसे त्याच दिवशी फार तीव्रतेने वाटले.

ही कंपनी मुळात माइकची नव्हतीच. सिडनी शुअर नावाच्या तेवीस वर्षांच्या तरुणाने २५ एप्रिल १९२५ रोजी शिकागोच्या भर बाजारपेठेत ‘शुअर रेडिओ कंपनी’ या नावाने एकट्यानेच दुकान थाटले. त्या काळी अमेरिकेत तयार रेडिओ विकत घेण्यापेक्षा सुटे भाग आणून घरी रेडिओ जुळवण्याचे वेड होते, आणि हा तरुण ते सुटे भाग विकत असे. धंदा चांगला चालला, १९२८ मध्ये भाऊ सॅम्युअल त्याला येऊन मिळाला, कंपनीचे नाव ‘शुअर ब्रदर्स’ झाले आणि नोकरांची संख्या पंचाहत्तरच्या वर गेली. मग १९२९ ची महामंदी आली. त्याच सुमारास कारखान्यात तयार झालेले रेडिओ मिळू लागले, त्यामुळे सुटे भाग घेणारे गिऱ्हाईकच उरले नाही. ज्या मालावर कंपनी उभी होती तो कोणालाच नको झाला. पुढे भाऊही बाहेर पडला.

सिडनी शुअरने त्या अडचणीच्या दिवसांत एका छोट्या कारखान्याच्या माइकची एजन्सी घेतली होती. आपण १९७९ साली दुसऱ्यांचे कर्णे भाड्याने आणून तेच पुन्हा भाड्याने देत होतो, तसलाच तो प्रकार. पण दुसऱ्याचा माल विकता विकता त्याच्या ध्यानात आले असावे, की यात सुधारणेला पुष्कळ वाव आहे. १९३१ मध्ये त्याने राल्फ ग्लोव्हर या इंजिनिअरला घेऊन स्वतःच्या माइकवर काम सुरू केले आणि १९३२ मध्ये ‘३३ एन’ हा कंपनीचा पहिला माइक बाजारात आला. तो कार्बनचा होता, म्हणजे कोळशाच्या कणांवर आवाजाचा दाब पडून वीज कमीजास्त व्हायची. जुन्या टेलिफोनमध्ये असे तेच तंत्र. इतरांच्या माइकपेक्षा तो हलका होता. मंदी अजून सरलेली नव्हती, लोकांच्या हातात पैसा नव्हता, आणि अशा वेळी माणसाने स्वतःची वस्तू बनवायला घ्यावी, हे मला फार धाडसाचे वाटते. त्यानंतर कंडेन्सर माइक आला, क्रिस्टलचे माइक आले. ते सारे मी सोडून देतो, कारण मला खरे सांगायचे आहे ते १९३९ सालाबद्दल.

शिट्टी हा आपल्या धंद्याचा जुना वैरी. माइकने कर्ण्याचा आवाज ऐकला, तो अ‍ॅम्प्लिफायरमधून पुन्हा कर्ण्यात गेला, कर्ण्यातून पुन्हा माइकमध्ये आला, की सारा मंडप कानांवर हात घेतो. यावर उपाय एकच: माइकने समोरचे ऐकावे आणि मागचे ऐकू नये. त्या काळातही असे एकदिशी माइक होते. पण त्यांत दोन वेगवेगळ्या जातीचे माइक एका डबीत घालून त्यांचा आवाज एकत्र केलेला असे. एक सगळीकडचे ऐकणारा, दुसरा पुढचे आणि मागचे ऐकणारा. दोघांची बेरीज केली की मागची बाजू वजा होते. हिशेब बरोबर होता. मात्र असा माइक मोठा, नाजूक आणि महाग होत असे, आणि दोन्ही भाग एकमेकांशी तंतोतंत जुळवणे ही वेगळीच डोकेदुखी होती.

शुअरमध्ये बेंजामिन बाउर नावाचा एक तरुण इंजिनिअर होता. जन्म ओडेसाचा, तिथून कुटुंब क्युबाला गेले आणि मग तो अमेरिकेत शिकायला आला. त्याने असा विचार केला, की माइकमधल्या, आवाजाने हलणाऱ्या एकाच पडद्याला दोन्ही बाजूंनी आवाज मिळू द्यावा, पण मागच्या वाटेने येणाऱ्या आवाजाला जरा थांबवावे. हे तुला नीट समजावे म्हणून सांगतो. माइकच्या मागून आवाज आला, की तो मागच्या भोकातून आत शिरतो आणि त्याच वेळी बाहेरून वळसा घालून पडद्याच्या पुढच्या बाजूलाही जातो. वळसा घालायला वेळ लागतो. तेवढाच वेळ आतल्या आवाजाला अडवून ठेवला, तर तो पडद्याच्या दोन्ही अंगांवर एकाच क्षणी येऊन पोचतो. दाराला दोन्ही बाजूंनी दोघे सारख्याच जोराने रेटत असले, की दार जागचे हलत नाही; पडद्याचेही तसेच होते. पडदा हलला नाही, म्हणजे वीज नाही आणि आवाजही नाही. समोरून येणाऱ्या आवाजाला मात्र मागच्या बाजूला पोचायला वळसाही पडतो आणि आतला अडथळाही लागतो, म्हणून दोन्ही अंगांचा दाब जुळत नाही आणि पडदा मोकळेपणी हलतो.

हा अडथळा म्हणजे काही मोठे यंत्र नव्हे. लहानशी पोकळी आणि बारीक कापडासारखा थर, एवढ्यावर हे सारे साधते. ते वाचताना मला आपल्या गल्लीतल्या तंबोरेवाल्यांची आठवण झाली. तारेखाली सुताचा दोरा केसभर इकडेतिकडे सरकवला की जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, खुलते किंवा बंद होते, आणि लहानपणी आपण ते पाहत तासन्‌तास त्यांच्या ओट्यावर उभे राहत होतो. दोरा तो किती आणि त्याने आवाजात होणारा फरक किती! शिकागोतल्या त्या तरुणानेही आवाजाच्या वाटेत असाच एक दोरा ठेवला होता, असे मला त्या रात्री वाटून गेले.

त्यातून तयार झालेला माइक म्हणजे ‘युनिडाइन मॉडेल ५५’. एकाच घटकाचा जगातला पहिला एकदिशी डायनॅमिक (पडद्याबरोबर हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्यातून वीज निर्माण करणारा) माइक तो हाच. तू तो नक्की पाहिला आहेस: मोटारीच्या पुढच्या जाळीसारख्या उभ्या पट्ट्यांचा, चकचकीत, जुन्या छायाचित्रांतून वक्त्यांच्या आणि गायकांच्या समोर दिसतो तो. पुढे १९५१ मध्ये त्याची लहान आवृत्ती निघाली आणि एल्विस प्रेस्लीमुळे ती इतकी प्रसिद्ध झाली, की पुष्कळ लोक तिला त्याच्याच नावाने ओळखतात. आजही कोणाला माइकचे चित्र काढायला सांगितले तर तो तेच काढील. २०१४ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या आयईईई या जागतिक संस्थेने या माइकला तंत्रज्ञानाच्या इतिहासातील मैलाचा दगड म्हणून मान दिला.

दुसऱ्या महायुद्धात कंपनीने अमेरिकी लष्करासाठी हातात धरायचे, गळ्याला लावायचे आणि वैमानिकांच्या प्राणवायूच्या मुखवट्यात बसवायचे माइक बनवले. तो माल वाळवंटात, पावसात, बोटीवर, विमानात कुठेही चालायला हवा होता, म्हणून लष्कराच्या कसोट्या कडक होत्या. युद्ध संपल्यावर इतर कोणी हा खर्च कमी केला असता. सिडनी शुअरने मात्र त्याच कसोट्या पुढे नेहमीच्या मालालाही लावल्या. पडण्याच्या चाचणीत माइक सहा फुटांवरून लाकडी जमिनीवर पुन्हा पुन्हा टाकतात आणि तो तसाच ऐकू आला पाहिजे, असा त्यांचा आग्रह असतो. बेडगच्या स्टेजवरून आपला माइक पडला तेव्हा तुझा चेहरा उतरला होता. तो प्रसंग त्या माइकने कारखान्यातच कितीदा तरी सोसला होता, हे तेव्हा आपल्याला कुठे ठाऊक होते?

आता ५८ चे. अर्नी सीलर हा त्या कंपनीतला शांत स्वभावाचा इंजिनिअर. शास्त्रीय संगीताची आवड असलेला हा माणूस. रॉक संगीत त्याला मुळीच आवडत नसे, असे त्याच्याविषयी सांगतात. त्याने बाउरच्या तत्त्वावर आणखी काम करून १९५९ मध्ये ‘युनिडाइन ३’ तयार केला. तोवरच्या अशा एकदिशी माइकमध्ये बहुधा बाजूने बोलावे लागे. यात टोकाशी तोंड नेऊन बोलायचे. शिवाय माइक हातात धरताना होणारी खरखर आत पोचू नये म्हणून त्याने हवेच्या गादीसारखी एक रचना केली. याच माइकपासून १९६५ मध्ये एसएम ५७ आणि १९६६ मध्ये गोल जाळीचा एसएम ५८ निघाला. गोल जाळी फ, भ, प यांच्या फुंकरीला अडवते. कीर्तनकार ‘पुंडलिक वरदे’ म्हणून गर्जना करतात तेव्हा तिची किंमत कळते.

या ‘एसएम’ अक्षरांचा अर्थ स्टुडिओ मायक्रोफोन असा आहे, हे वाचून मी चकित झालो. हा माइक स्टेजसाठी बनवलेलाच नव्हता! तो रेडिओ आणि टेलिव्हिजनच्या स्टुडिओसाठी होता. दिव्यांचा प्रकाश चमकू नये म्हणून त्याला मंद राखाडी रंग दिला, आणि चालू कार्यक्रमात कोणी चुकून बंद करू नये म्हणून त्यावर बटणही ठेवले नाही. पण स्टुडिओवाल्यांनी तो फारसा घेतला नाही. विक्री इतकी मंद होती, की १९७० च्या सुमारास दोन्ही माइक बंद करण्याचा विचार कंपनीत सुरू झाला. तेव्हा विक्री विभागातल्या लोकांनी एक संधी मागून घेतली आणि ते माइक लास व्हेगासच्या करमणुकीच्या रंगमंचांवर नेऊन गायकांच्या आणि साउंडवाल्यांच्या हाती दिले. रोज रात्री गाणाऱ्या, माइक आपटणाऱ्या, घामाने भिजवणाऱ्या त्या लोकांनी तो उचलून धरला. मग तो साऱ्या जगाच्या स्टेजवर पोचला आणि तिथून फिरत फिरत मस्कतच्या एका दुकानात आणि तुझ्या मेहुण्यांच्या बॅगेत आला. ज्यांच्यासाठी बनवला त्यांनी नाकारला आणि ज्यांचा विचारही केला नव्हता त्यांनी डोक्यावर घेतला, ही गोष्ट मी अमोलला तीनदा सांगितली आहे. कंपनीच्या लोकांनी तेव्हा ‘आमचा माइक स्टुडिओचा आहे’ असा हट्ट धरला असता, तर आपल्या हाती तो कधीच लागला नसता. ५७ तर लिंडन जॉन्सनपासून अमेरिकेच्या अध्यक्षांच्या भाषणाच्या मेजावर जोडीने उभा असतो. आणि तोच ५७ मी तबल्याला लावतो. चाटेवरचे, म्हणजे तबल्याच्या कडेवरचे, बोट इतके स्वच्छ पकडणारा दुसरा माइक त्या किमतीत मला तरी मिळालेला नाही.

बाकीचे थोडक्यात लिहितो. १९५३ मध्ये त्यांनी गायकांसाठी बिनतारी माइक काढला होता, पण तो काळाच्या फार आधी आला आणि टिकला नाही. त्या व्यवसायात ते पुन्हा उतरले ते १९९० मध्ये. १९५६ मध्ये कारखाना इव्हान्स्टनला आणि २००३ मध्ये मुख्य कार्यालय नाइल्सला गेले. दोन्ही गावे शिकागोला लागूनच आहेत. तुझ्या वडिलांना रेकॉर्ड प्लेअरचा नाद होता, म्हणून एक मुद्दाम सांगतो: तबकडीवर सुई धरणारे पिकअपही ही कंपनी बनवत असे आणि १९६४ चा तिचा ‘व्ही १५’ हा जगभरच्या रसिकांनी नावाजलेला होता. २०१८ मध्ये ते उत्पादन त्यांनी थांबवले. तबकड्या पुन्हा खपू लागल्या असतानाच थांबवले, कारण स्वतः ठरवलेला दर्जा त्यांना त्यात राखता येईना. १९७३ चा एसएम ७ मात्र नव्या रूपात आज पॉडकास्ट करणाऱ्या मुलांच्या टेबलावर सगळीकडे दिसतो.

सिडनी शुअर १९९५ मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी वारला. सत्तर वर्षे त्याने ही कंपनी सांभाळली. त्यानंतर त्याची पत्नी रोझ हिने २०१६ मध्ये तिचे निधन होईपर्यंत अध्यक्षपद सांभाळले. कंपनीने आजवर शेअर बाजाराची पायरी चढलेली नाही. माल मेक्सिकोत आणि चीनमध्ये बनतो, पण नाव, कसोट्या आणि मालकी यांत खंड पडलेला नाही. एका माणसाच्या दुकानापासून ती इथवर आली, आणि दर वेळी जुने गिऱ्हाईक हातचे गेल्यावर तिने नवे शोधले. माल हलका करून टिकण्याचा मार्ग मात्र कधी धरला नाही. माझा जीव तिच्यावर जडला आहे तो याचसाठी.

आता तुझ्या समितीविषयी. चार वर्षांपूर्वी मुंबईच्या बाजारातल्या एका दुकानातून अमोलने दोन ५८ घेतले. निम्म्या किमतीत मिळाले म्हणून तो खुशीत होता. डबी तशीच, जाळी तशीच, नावही तसेच. एका गावी सप्ताहाच्या काल्याच्या कीर्तनाला ते लावले. महाराजांनी अभंगाचे पहिले चरण घेतले आणि दोन पावले मागे सरताच शिट्टी सुरू झाली. आवाज कमी केला तर मागच्या रांगांत ऐकू येईना, वाढवला तर पुन्हा शिट्टी. समोर दोन-तीन हजार माणसे, टाळकरी खोळंबलेले, आणि महाराज काही न बोलता माझ्याकडे पाहत उभे. मी पिशवीतला आपला जुना माइक काढून लावला तेव्हा कुठे कीर्तन पुढे सरकले. त्या पाच मिनिटांत मला मेल्याहून मेल्यासारखे झाले होते. घरी आल्यावर तराजूवर ठेवले; खरा ५८ सुमारे २९८ ग्रॅम भरतो, ते दोन्ही बरेच हलके निघाले. उघडून पाहिले तर बाहेरचे रूप हुबेहूब, पण आतली डबी भलतीच, आणि मागचे न ऐकण्याची ती सारी करामत जवळजवळ गैरहजर. नक्कल करणाऱ्यांनी जाळीचा पोत उचलला, रंग उचलला, अक्षरे उचलली; बाउरने आवाजाच्या वाटेत ठेवलेला तो अडथळा तेवढा त्यांनी ठेवला नाही, कारण तो दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून समितीला माझे नाव घेऊन सांग, की चारऐवजी दोनच घ्या, पण अधिकृत विक्रेत्याकडून पावती घेऊन घ्या. एक ५८ बोलण्या-गाण्यासाठी आणि एक ५७ पेटी-तबल्यासाठी पुरे. उरलेल्या पैशांतून चांगली वायर आणि जड पायाचे दोन स्टँड घ्या. निम्म्या तक्रारी वायरीच्या असतात, हे तुला मी सांगायला नको. कर्णे माइकच्या पुढे, म्हणजे श्रोत्यांच्या बाजूला, राहतील असे बसवा, मागे भिंत उघडी असेल तर पडदा लावा, आणि जाळीला मूठ घालून माइक धरण्याची सवय निवेदकांना लागू देऊ नका. मागची भोके झाकली की एकदिशी माइकही सगळीकडचे ऐकू लागतो आणि मग शिट्टी ठरलेलीच.

तोवर माझ्याकडचा जुना ५८ मी अमोलबरोबर पाठवतो आहे. तो येत्या रविवारी पुण्याला येणार आहे. पोचा पडलेली जाळी मी मुद्दाम बदलली नाही. तुला ओळख पटावी म्हणून तशीच ठेवली आहे. तुमच्या नवरात्राच्या कार्यक्रमात तो लावून बघ, वहिनींना भोंडल्याची दोन गाणी त्यावर म्हणायला सांग, आणि दिवाळीत मिरजेला येशील तेव्हा बरोबर घेऊन ये. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दिनकर